‘डाउनहिल डॉमिनेशन’ आजच्या संगणकावर नीट कसा चालवावा: डिस्कपासून पहिल्या उतारापर्यंत

प्लेस्टेशन २ साठी २००३ साली आलेला ‘डाउनहिल डॉमिनेशन’ हा डोंगरउतारावरील सायकल शर्यतीचा गेम आज पुन्हा खेळायला काढणाऱ्यांची निराशा बहुधा एकाच प्रकारे होते. गेम सुरू होतो, चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते, आणि तरीही सायकल हाताचे ऐकत नाही. वळणावर ती उशिरा वळते, उडी क्षणभर मागे पडते, खडक टाळता येत नाही. मग ‘लहानपणी भारी वाटायचा, आता त्यात काही राहिले नाही’ असा निष्कर्ष काढून गेम मिटवला जातो. अशा बहुतेक वेळी दोष गेमचा नसून मांडणीचा असतो, आणि मांडणीतही तो बहुधा क्रमाचा असतो.

या गेमची गोडी चित्रात कधीच नव्हती. प्रचंड वेगात, ठरलेला रस्ता नसलेल्या रुंद उतारावर, झाडे आणि खडक चुकवत क्षणार्धात वाट निवडायची आणि हाताने दिलेला इशारा सायकलने तत्क्षणी पाळायचा, एवढ्यावर सगळा खेळ उभा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे १.७ मीटर पुढे जाते. म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत तेवढा उशीर झाला, तर खडक दिसल्यावर घेतलेला निर्णय खडकावर आपटल्यानंतर अमलात येतो. असे असूनही बहुतेक जण सुरुवात रिझोल्यूशन वाढवण्यापासून करतात आणि वेग, कंट्रोलर व पडद्याचा विलंब यांकडे शेवटी वळतात किंवा वळतच नाहीत. पुढील क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे.

## टप्पा १: कोणत्या मार्गाने जायचे ते आधी ठरवावे

मार्ग दोन आहेत. चालू स्थितीतील प्लेस्टेशन २ आणि जुना, पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरात असेल, तर संगणकाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. त्या जोडीइतका कमी विलंब सहज दुसरीकडे मिळत नाही. अशा वाचकांनी टप्पा २ पाहून थेट टप्पा १० कडे जावे.

यंत्र आहे पण टीव्ही नवा आहे, अशी स्थिती असेल तर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरऐवजी कम्पोनंट केबल वापरावी आणि टीव्हीचा गेम मोड सुरू करावा. कम्पोनंटसाठी यंत्राच्या सिस्टिम सेटिंगमधील चित्राचा पर्याय आरजीबीवरून कम्पोनंटवर न्यावा लागतो. हा बदल जुनी वायर जोडलेली असतानाच करावा, कारण नवी केबल आधी जोडली आणि सेटिंग तसेच राहिले तर पडदा हिरवट किंवा विचित्र रंगाचा दिसतो आणि लोक केबल खराब समजून परत करतात. बाजारात मिळणाऱ्या छोट्या एचडीएमआय अडॅप्टरांनाही हीच गोष्ट लागू पडते.

यंत्र बंद पडलेले असेल, किंवा त्याची डिस्क वाचणारी लेन्स थकली असेल, तर संगणकावर पीसीएसएक्स-२ हा इम्युलेटर (संगणकाला प्लेस्टेशन २ सारखे वागायला लावणारा प्रोग्राम) वापरणे हा उरलेला मार्ग आहे आणि पुढचे बहुतेक टप्पे त्याबद्दल आहेत.

काय जवळ असावे: गेमची स्वतःची मूळ डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह (यूएसबीने जोडायचा चालतो), बायोस (यंत्राच्या आतील मूळ प्रोग्राम, टप्पा ४ पाहा) काढण्यापुरते तरी सुरू होणारे स्वतःचे प्लेस्टेशन २, फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, अॅनालॉग काड्या असलेला कंट्रोलर आणि तो जोडायची वायर. इंटरनेटवरून उतरवलेल्या गेमच्या किंवा बायोसच्या फाइलींचा विचार येथे केलेला नाही. त्या दुसऱ्याच्या हक्काच्या वस्तू आहेत, आणि व्यवहारातही त्यांतील बऱ्याच अर्धवट किंवा कुणीतरी बदललेल्या असतात. पुढे गेम अडखळला तर दोष कुठे शोधायचा हेच कळत नाही.

## टप्पा २: डिस्क तपासणे आणि स्वच्छ करणे

डिस्क ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी ती उजेडात तिरकी धरून दोन्ही बाजूंनी पाहावी. कोकणात आणि मुंबईत काही पावसाळे कपाटात काढलेल्या डिस्कवर बुरशीचे धुरकट, जाळीदार डाग असतात. ते ओरखड्यांसारखे दिसतात पण पुसून जातात. मऊ मायक्रोफायबर कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवून पुसणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. डिस्कवरील माहिती गोलाकार वळ्यांत असते, त्यामुळे गोल ओरखडा एकाच वळ्याचा सलग लांब तुकडा खातो आणि चूक दुरुस्त करणारी यंत्रणा तेवढी मोठी पोकळी भरून काढू शकत नाही. आडवा छेदणारा ओरखडा मात्र प्रत्येक वळ्याचा थोडाच भाग घेतो.

टूथपेस्टने घासण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो करू नये.

तपासणी: डिस्क खिडकीसमोर धरून आरपार पाहावी. उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसले, तर आतील चकचकीत थर गेलेला आहे आणि त्या जागेवरची माहिती पुसण्याने परत येणार नाही. पॉलिश करून देणाऱ्यालाही अशा डिस्कसाठी पैसे देऊ नयेत.

## टप्पा ३: डिस्कची प्रतिमा काढणे

इम्युलेटर थेट ड्राइव्हमधील डिस्कवरूनही गेम चालवू शकतो, पण उतार चालू असताना ड्राइव्हने एखादा भाग पुन्हा वाचायला घेतला की खेळ गोठतो. म्हणून आधी पूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी फाइलरूप प्रत, काढावी.

१. प्लेस्टेशन २ चे गेम सीडी आणि डीव्हीडी अशा दोन्ही प्रकारच्या डिस्कवर येत. चंदेरी खालची बाजू डीव्हीडीची, निळसर बाजू सीडीची. डीव्हीडी असेल तर आयएसओ प्रतिमा काढावी. सीडी असेल तर बिन आणि क्यू अशी जोडी.

२. विंडोजवर इमेजबर्नमध्ये डिस्कवरून प्रतिमाफाइल तयार करण्याचा पर्याय निवडावा. लिनक्सवर डीडी ही आज्ञा पुरते.

३. वाचनाचा वेग सर्वांत कमी ठेवावा. जुन्या डिस्कवर वेगाने फिरणारा ड्राइव्ह अधिक चुका करतो.

४. प्रतिमा संगणकाच्या आतील ड्राइव्हवर साठवावी. फॅट-३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि एका थराच्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असल्याने मोठ्या गेमच्या बाबतीत प्रत शेवटी शेवटी तुटते.

५. वाचताना चुका आल्या, तर ‘दुर्लक्ष करा’ हे बटण दाबून पुढे जाऊ नये. डिस्क काढून पुन्हा पुसावी, आणि तरीही जमत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा विनातक्रार वाचतो, हे अनेकदा घडते.

सावधान: दुर्लक्ष केलेल्या चुकांची प्रतिमा सुरू होते, मेनू दिसतो, पहिला उतारही चालतो, मग एखादा विशिष्ट डोंगर लोड होताना गेम थांबतो आणि माणूस दिवसभर इम्युलेटरची सेटिंग चाळत बसतो.

तपासणी: पीसीएसएक्स-२ मध्ये गेमवर उजवी क्लिक करून गुणधर्म उघडल्यास प्रतिमा पडताळण्याची सोय आहे. तिचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) ज्ञात चांगल्या प्रतीशी जुळला, तर पुढील कोणत्याही अडचणीत डिस्कवर संशय घेण्याची गरज उरत नाही. ही पाच मिनिटे वाचवू नयेत.

## टप्पा ४: स्वतःच्या यंत्रातून बायोस काढणे

बायोस हा यंत्राच्या आतील मूळ प्रोग्राम. त्याशिवाय पीसीएसएक्स-२ सुरू होत नाही आणि तो इम्युलेटरसोबत मिळत नाही. तो काढण्यासाठी यंत्रावर बाहेरचा प्रोग्राम चालवता यावा लागतो. त्याची रूढ वाट म्हणजे फ्रीएमसीबूट घातलेले मेमरी कार्ड. सर्वांत शेवटच्या, ९०००० मालिकेतील उशिराच्या सडपातळ यंत्रांवर हे कार्ड चालत नाही. तेथे डीव्हीडी प्लेअरच्या वाटेने शिरणारी फ्रीडीव्हीडीबूट ही पद्धत वापरावी, ज्यात एक खास डिस्क रायटरवर लिहून घ्यावी लागते. कार्ड विकत घेण्यापूर्वी यंत्राच्या मागचा मॉडेल क्रमांक वाचावा, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

बाहेरचे प्रोग्राम चालू लागले की फॅट-३२ पेनड्राइव्हवर बायोसड्रेन हा छोटा प्रोग्राम ठेवून तो यंत्रावर चालवावा. तो त्याच पेनड्राइव्हवर काही फाइली लिहितो. त्यांतील मुख्य फाइल ४ एमबीची असते. सगळ्या फाइली एकत्रच संगणकावर न्याव्यात. मुख्य फाइल तेवढी ठेवून बाकीच्या पुसून टाकू नयेत.

बायोस आणि डिस्क वेगवेगळ्या देशांतील असल्या तरी काळजीचे कारण नाही. खऱ्या यंत्रावर भारतात व युरोपात विकलेल्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या मॉडेलवर अमेरिकेची डिस्क चालत नसे, पण इम्युलेटरमध्ये जलद सुरुवातीचा पर्याय चालू असला की ही अडवणूक होत नाही.

## टप्पा ५: इम्युलेटरची पहिली मांडणी

येथे सर्वाधिक घोळ जुन्या मार्गदर्शक लेखांमुळे होतो. पीसीएसएक्स-२ ची २.० ही स्थिर आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि तिची रचना आधीच्या १.६ पेक्षा पूर्ण वेगळी आहे. पूर्वी चित्र, आवाज आणि कंट्रोलर यांसाठी स्वतंत्र प्लगइन असत. आता ते सगळे आतच आहे. एखाद्या लेखात किंवा व्हिडिओत जीएसडीएक्स, लिलीपॅड अशी प्लगइनची नावे दिसू लागली, तर त्यातील सल्ला सध्याच्या आवृत्तीला लागू नाही असे समजून तो बाजूला ठेवावा.

१. इम्युलेटर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. विंडोज १० किंवा ११, ६४-बिट, एवढी अपेक्षा आहे.

२. पहिल्यांदा उघडल्यावर येणारा मदतनीस भाषा, बायोस, गेमचे फोल्डर आणि कंट्रोलर या क्रमाने विचारतो. बायोसच्या यादीत काहीच दिसत नसेल, तर फाइल चुकीच्या फोल्डरात आहे किंवा अजून झिप स्वरूपात आहे.

३. चित्रणासाठी ‘स्वयंचलित’ हाच पर्याय राहू द्यावा. बाकी काहीही बदलू नये.

४. गेमच्या यादीत ‘डाउनहिल डॉमिनेशन’ हे नाव आणि त्यापुढे डिस्कचा अनुक्रमांक दिसतो का, ते पाहावे. इम्युलेटरच्या आत गेमनिहाय दुरुस्त्यांची यादी असते आणि ती या क्रमांकावरूनच लागू होते. नाव ओळखले गेले नसेल तर टप्पा ३ कडे परत जावे.

यापुढील प्रत्येक बदल गेमच्या स्वतःच्या गुणधर्मांत करावा, सर्वसाधारण सेटिंगमध्ये नाही. एका गेमसाठी केलेली फिरवाफिरव दुसऱ्या गेमच्या गळ्यात पडते, आणि मग काय कधी बदलले याचा माग राहत नाही.

## टप्पा ६: वेग बरोबर आहे का ते पाहणे

रिझोल्यूशन मूळ, म्हणजे १ पट ठेवूनच हा टप्पा पूर्ण करावा. पडद्यावर माहिती दाखवणाऱ्या पर्यायांतून वेगाची टक्केवारी, फ्रेमची संख्या आणि प्रोसेसर व ग्राफिक्सचा वापर एवढे चालू करावे. मेनूत दिसणारे १०० टक्के काहीच सांगत नाहीत. बाजूला चार-पाच स्पर्धक, खाली दाट झाडी आणि उडालेली धूळ अशा ठिकाणी आकडा काय दिसतो, ते महत्त्वाचे.

५० आणि ६० चा गोंधळ. अमेरिकेच्या डिस्कला पूर्ण वेगात सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र बदलते, पाल डिस्कच्या नेहमीच्या पद्धतीत ५० वेळा. पाल डिस्क लावून ५० हा आकडा पाहिलेले लोक गेम मंद आहे असे समजतात आणि प्रगत सेटिंगमध्ये जाऊन पालची संख्या ६० करतात. त्याने गेम २० टक्के जास्त वेगाने धावू लागतो, उडीचे आणि वळणाचे सगळे हिशेब बिघडतात, शर्यतीचे घड्याळसुद्धा पळते. फ्रेमचा आकडा पाहू नये, टक्केवारी पाहावी. ती १०० असेल तर वेग बरोबर आहे.

वेग बरोबर असूनही पाल डिस्कवर एक निराळा त्रास होतो. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर ५० चित्रे समान अंतराने बसत नाहीत. काही चित्रे दुप्पट वेळ राहतात आणि उतार बारीक धक्क्यांनी सरकतो. पडद्याला ५० किंवा १०० हर्ट्‌झ जमत असेल तर खेळताना तो तेथे न्यावा, बदलता रिफ्रेश रेट असेल तर तो चालू करावा. यातले काहीच शक्य नसेल तर हा धक्का सहन करावा, पण वेगाला हात लावू नये.

टक्केवारी १०० पेक्षा कमी असेल तर या क्रमाने जावे:

१. लॅपटॉप चार्जरला जोडून विजेचा पर्याय पूर्ण क्षमतेवर ठेवावा. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याकडे लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांत तापून स्वतःचा वेग कमी करतो. सुरुवातीला १०० आणि तिसऱ्या शर्यतीत ८५ दिसले, तर कारण सेटिंगमध्ये नसून पंख्यात आहे.

२. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रावर स्वतंत्र चिप निवडली गेली आहे का ते पाहावे.

३. प्रोसेसर चार किंवा अधिक कोरचा असेल तर व्हीयू-१ (प्लेस्टेशन २ मधील एक सहायक गणनाघटक) स्वतंत्र थ्रेडवर चालवण्याचा पर्याय सुरू करावा.

४. पार्श्वभूमीतील ब्राउझर, अपडेट आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग बंद करावे.

सावधान: मुख्य प्रोसेसरचा वेग घटवणारे किंवा त्याची आवर्तने वगळणारे दोन पर्याय सेटिंगमध्ये असतात. ते वापरले की टक्केवारी लगेच १०० होते, पण तुमचा संगणक जलद झालेला नसतो; नकली प्लेस्टेशन मंद झालेले असते. त्यामुळे गेमच आतून फ्रेम गाळू लागतो. ‘आकडा १०० आहे पण खेळ अडखळतो’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच दोन पर्याय निघतात. ते मूळ स्थितीतच राहू द्यावेत.

## टप्पा ७: कंट्रोलर आणि विलंब

माझ्या मते गेमची निम्मी मजा या टप्प्यात परत मिळते, म्हणून येथे घाई करू नये.

१. कंट्रोलर वायरने जोडावा. ब्लूटूथ नंतर वापरून पाहता येईल, पण विलंबाचे मूळ शोधताना एक अनिश्चित गोष्ट कमी झालेली बरी.

२. स्वयंचलित जुळवणी करून घ्यावी आणि प्रत्येक बटण एकदा दाबून पाहावे. एकाच कंट्रोलरची नोंद दोन पद्धतींनी झाली, किंवा स्टीम या गेम-दुकानाच्या प्रोग्रामने त्याच वेळी आपली जुळवणी लादली, तर एका दाबाचे दोन दाब होतात. मेनूत निवड एकदम दोन घरे सरकत असेल तर हेच झालेले आहे; एक सोडून बाकी पद्धती बंद कराव्यात आणि पार्श्वभूमीतील स्टीम मिटवावे.

३. काडीचा मृत पट्टा (काडी थोडी हलली तरी दखल न घेतला जाणारा मधला भाग) शून्यावर नेऊन सुरुवात करावी. सायकल आपोआप एका बाजूला ओढू लागली तर ओढ थांबेपर्यंतच तो थोडाथोडा वाढवावा. पट्टा सरसकट मोठा ठेवला तर हलके वळण मिळतच नाही, सायकल एक तर सरळ जाते नाहीतर एकदम वळते, आणि वेगात असताना बारीक दुरुस्त्यांनीच तोल राखायचा असतो.

४. कीबोर्डवर हा गेम शिकू नये. दिशांची बटणे दोनच अवस्था जाणतात.

मूळ ड्युअलशॉक २ ची समोरची बटणे दाबाचा जोर ओळखत. हल्लीचे बहुतेक कंट्रोलर तो ओळखत नाहीत. जुना कंट्रोलर स्वस्त यूएसबी अडॅप्टरने जोडला तर जोर ओळखण्याची सोय बहुधा जातेच, वर विलंब वाढतो. त्यापेक्षा चांगला नवा कंट्रोलर बरा.

आता पडद्याकडे वळावे. टीव्ही असेल तर गेम मोड चालू करणे हा एकच बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा ठरू शकतो, कारण चित्र गुळगुळीत करणाऱ्या प्रक्रिया बंद होतात. इम्युलेटरमध्ये फ्रेमची मांडणी विलंब कमी ठेवून करण्याचा पर्याय आहे, तो सुरू करावा. व्ही-सिंक (चित्रे पडद्याच्या गतीशी जुळवणारा पर्याय) बंद करून चित्र आडवे फाटते का ते पाहावे, आणि फाटत नसेल किंवा डोळ्याला खुपत नसेल तर ते बंदच ठेवावे.

ब्लूटूथ इअरफोनकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्यांचा आवाज चित्राच्या मागून येतो. या गेममध्ये चाकाखालची जमीन बदलल्याचे आणि मागून स्पर्धक जवळ आल्याचे कानालाही कळत असते, त्यामुळे आवाज मागे राहिला की हात बरोबर असूनही सगळा खेळ सैल वाटतो. वायरचे इअरफोन वापरावेत.

तपासणी: सपाट, मोकळ्या जागी सायकल उभी करून उडीचे बटण सोडावे आणि डोळ्यांनी नाही तर बोटाने उत्तर द्यावे: बटण आणि हालचाल एक वाटतात का? शंका असेल तर फोनच्या संथगती कॅमेऱ्यात बोट आणि पडदा एकत्र चित्रित करून फ्रेम मोजाव्यात.

## टप्पा ८: आता चित्र

येथपर्यंत आल्यावरच रिझोल्यूशनला हात लावावा. १०८० ओळींच्या पडद्याला ३ पट पुरते, ४के पडद्याला ६ पट. एक पायरी वाढवावी, टप्पा ६ मधील गर्दीच्या जागी जाऊन टक्केवारी पाहावी, मग पुढची. १०० खाली आली की एक पायरी मागे.

सर्वांत उपयोगी बदल तिरक्या पृष्ठभागांचे रेखाटन सुधारणारा, म्हणजे अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंगचा आहे. उतरताना समोरची जमीन फार तिरकी दिसते, आणि हा पर्याय ८ किंवा १६ पटीवर असला तर दूरची पायवाट, दगड आणि गवत यांच्यातील फरक लवकर ओळखू येतो. येथे चित्र सुधारल्याने खरोखर खेळ सुधारतो.

रुंद पडद्यासाठी पॅच (गेममध्ये छोटा बदल करणारी जोड) उपलब्ध दिसला तरच १६:९ निवडावे. पॅच नसताना तसे केल्यास चित्र केवळ ताणले जाते. त्यापेक्षा ४:३ ठेवून बाजूच्या काळ्या पट्ट्या स्वीकाराव्यात.

चित्रात रेषा, दुहेरी कडा किंवा हलणारी सावली दिसली तर खेळता खेळता एफ-९ दाबावे. या कळीने ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरकडून चित्र काढले जाते. तेथे दोष नाहीसा झाला, तर तो रिझोल्यूशन वाढवल्यामुळे आलेला आहे. तेथेही राहिला, तर प्रतिमा पडताळावी. उत्तर मिळाल्यावर पुन्हा एफ-९ दाबून मूळ स्थितीत यावे. हे विसरून अख्खी संध्याकाळ मंद गेम खेळणारेही आहेत.

## टप्पा ९: प्रगती जपणे

प्रगती दोन ठिकाणी राहते आणि ती एकमेकांत मिसळू नये. पहिले ठिकाण ८ एमबीचे नकली मेमरी कार्ड. दुसरे एफ-१ ने साठवलेली आणि एफ-३ ने परत आणलेली क्षणस्थिती, म्हणजे चालू गेमचा त्या क्षणाचा पूर्ण ठसा. कारकिर्दीसाठी मेमरी कार्डावरच विसंबावे. इम्युलेटर अद्ययावत झाला की जुनी क्षणस्थिती उघडेलच असे नाही, मेमरी कार्ड मात्र उघडते.

सावधान: कार्डावर नवी प्रगती लिहिल्यानंतर आठवड्यापूर्वीची क्षणस्थिती उघडली आणि गेमने पुन्हा साठवले, तर नवी प्रगती जुन्या प्रतीखाली गाडली जाते. मेमरी कार्डाच्या फाइलची प्रत महिन्यातून एकदा दुसरीकडे ठेवावी.

## टप्पा १०: पहिले उतार, योग्य क्रमाने

मांडणी नीट असूनही सवयी चुकीच्या लागल्या तर गेम तसाच परका राहतो. मोटारींच्या शर्यतीचे गेम खेळून आलेले वाचक एक ठरलेली रेषा शोधतात आणि तीवरून ढळले की चुकले असे मानतात. येथे एकाच उतारावर अनेक वाटा आहेत. काही लांब पण मोकळ्या, काही कड्यावरून थेट खाली टाकणाऱ्या.

पहिल्या काही फेऱ्यांत जिंकण्याचा विचार सोडून प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने उतरावे. स्पर्धक ज्या वाटेने जातात ती सर्वांत जलद असतेच असे नाही, पण ती पडण्याला कमी वाव देणारी असते, म्हणून सुरुवातीला त्यांच्या मागून जाणे शहाणपणाचे आहे. नजर चाकापुढे न ठेवता पुढच्या उंचवट्यावर ठेवावी. ब्रेक वळणाच्या आत नाही, आधी, आणि थोडाच.

उड्या दुसऱ्या क्रमाने याव्यात. उतरण्याची जागा दिसत नसेल तर पूर्ण जोराची उडी मारू नये. उतार जसा झुकला आहे तशीच सायकल झुकलेली असताना चाके टेकली तर वेग टिकतो.

हवेतल्या कसरती त्यानंतर. नवखे येथे सर्वाधिक वेळा पडतात, कारण कसरत अपुरी असताना चाके टेकली की पडणे अटळ असते. एका मोठ्या उडीत एकच कसरत, आणि जमीन जवळ येण्यापूर्वी बटणे सोडलेली, एवढी शिस्त पाळावी. जोरात पॅडल मारण्यासाठी लागणारी ऊर्जा मोजकी असते, तेव्हा ती तीव्र उतारावर उधळू नये; तेथे डोंगर स्वतःच ढकलत असतो. सपाट पट्ट्यात, चढावर आणि पडून उठल्यानंतर ती खर्च करावी.

ठोसे आणि लाथा शेवटी. हा गेम बनवणाऱ्या इन्कॉग्निटो या कंपनीनेच आधी ‘ट्विस्टेड मेटल: ब्लॅक’ काढला होता, तेव्हा शर्यतीत धक्काबुक्की असणे ओघानेच आले. पण बाजूच्या स्पर्धकाकडे पाहताना समोरचे झाड सुटते. सरळ आणि मोकळा पट्टा आल्याशिवाय हात उगारू नये, आणि स्पर्धक कड्याच्या बाजूला असताना उगारला तर एकच वार पुरतो.

कारकिर्दीत मिळालेले पैसे चांगल्या सायकलीसाठी खर्च करता येतात. नवी सायकल घेतल्यावर लगेच नवी शर्यत लावू नये. आधीच ओळखीचा झालेला एखादा उतार तिच्यावर एकदा पूर्ण उतरावा, कारण वेग वाढला की ब्रेक लावायच्या जुन्या खुणा आणि उडी सोडायच्या जागा सगळ्याच थोड्या अलीकडे सरकतात.